माझं डोकं आणि कनीजची झोया

सोमवार, १३ जानेवारी

ही डायरी झोयाने दिली. वर कुठल्यातरी गोळ्यांच्या कंपनीचं नाव आहे आणि आत खुणेला लाल फीत. म्हणाली, "मालनमावशी, यात रोज लिही. हातातनं काय पडलं, काय सांडलं, डोकं कधी दुखलं, सगळं. मी वाचणार नाय. विचारीन तेव्हा तूच बघून सांग."

म्हणजे आता माझी सांडलवंड मोजणार. ही शेजारच्या कनीजची पोर. हिचं नाक माझ्या पदराला पुसलं जायचं. मोठी डॉक्टर होऊन गावात परत आली म्हणून काय माझ्या स्वयंपाकघरात डोकावणार?

मी चौथी शिकले. पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती आणि बापाला होडी माशांसाठी लागायची. तेव्हा मोजकंच लिहीन.

आज पडलं : एक फुलपात्र, दोन अंडी. मांजर मध्ये आलं.

गुरुवार, १६ जानेवारी

चपलांच्या दुकानदाराशी भांडले. दिवाळीपासून हा तिसरा जोड. दर वेळी डावीच चप्पल पायातून निसटते, उजवी गुमान राहते. मी म्हटलं, तुमचा कारागीर डाव्या चपला झोपेत शिवतो काय. तर म्हणतो, "काकू, चप्पल नवीनच आहे. पाय जुना झाला असेल." दुकानात चार माणसं हसली. मी दुकान डोक्यावर घेतलं तेव्हा त्याने मागे पट्टा असलेली सँडल दिली. शाळेतल्या पोरीसारखा पट्टा लावून भाट्याच्या पुलावरून घरी आले. तरी डावा पाय घासत होताच. पुलावरचा रस्ता नीट नाही.

आज पडलं : डाळीचं पातेलं. मांजर.

मंगळवार, २१ जानेवारी

कनीज दिवसातून तीनदा सांगते, माझी झोया कन्सल्टंट न्यूरोसर्जन आहे. आज विचारलंच, "कन्सल्टंट म्हणजे काय गो?"

म्हणाली, "म्हणजे तिच्या वर कोणी नाय. आधी ऑपरेशनात काही अडलं की मागे वळून सरांना विचारायची. आता मागे कोणीच नसतो."

मी म्हटलं, "मग यात फुशारकी कसली? ही तर पंचाईत झाली."

कनीजला हे आवडलं नाही. पण मी काही खोटं बोलले नाही.

केवढं शिकावं माणसाने. साडेपाच वर्षं साधी डॉक्टर व्हायला. मग तीन वर्षं पोट-बिट कापायला. मग तीन वर्षं मुंबईत नुसतं डोकं आणि मणके. मग आणखी तीन वर्षं तिथल्याच एका मोठ्या सरांच्या हाताखाली. तेवढ्यात आमचा मुलगा सर्वेश दहावीला दोनदा बसला, बोटीवर लागला, लग्न झालं, दोन पोरं झाली आणि टक्कलही पडलं.

आणि एवढं करून ही बसलीय हातखंब्याजवळच्या नव्या हॉस्पिटलात. हायवेवर कोणी आपटला तर तेवढा तिच्याकडे आणतात, कारण तो शुद्धीवर नसतो. शुद्धीवर असलेला रत्नागिरीकर डोकं दाखवायला सरळ कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठतो. म्हणून मीच जरा मनावर घेतलं. मासळी बाजारात एक जण डोकं धरून बसला होता, त्याला उठवून रिक्षात घातला नि झोयाकडे पाठवला. त्याची दाढ किडलेली निघाली. पण सुरुवात तर झाली.

रविवार, २ फेब्रुवारी

आज फार मोठी गोष्ट उघडकीला आली.

झोया मुंबईत शिकत होती तेव्हा मी दर महिन्याला तिला माझ्या माडांचे नारळ पाठवायची. पोर खानावळीचं खाते, निदान चटणी तरी घरची खाईल. सहा वर्षं पाठवले. आज पडवीत घावणे खाता खाता म्हणते, "मावशी, तुला एक सांगायचं राहिलंय. ते नारळ आम्ही नुसते खायचो नाय."

"मग काय, वाटून टाकलेस?"

"भोकं पाडायचो."

सरांचा नियम होता म्हणे. करवंटी गोल कापून काढायची, पण खालची तांबूस साल फाटता कामा नये. साल फाटली तर पेशंट गेला असं समजायचं.

"किती गेले?"

"पहिल्या वर्षी सगळे. मग चटणी."

म्हणजे मी इथे माणूस लावून नारळ उतरवत होते नि ही तिथे त्यांचे मुडदे पाडत होती. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर करून दाखव, नाहीतर यापुढे घावणे बंद.

आमचे हे लगेच उठले. हे म्हणजे माझा नवरा. पोफळीच्या पॉवरहाऊसात तीस वर्षं आवाजात काढली, तेव्हापासून माझं बोलणं त्यांना ऐकू येत नाही किंवा तसं दाखवतात. पण ड्रिल मशीन म्हटल्यावर बरोबर ऐकू आलं. मशीन आणलं, करवतीचं बारीक पातं आणलं, नारळ सोलून दोन गुडघ्यांत धरून बसले.

झोयाने पदराची गाठ सोडावी इतक्या सावकाश चार भोकं पाडली. प्रत्येक वेळी मशीन नेमकं वेळेवर थांबायचं. मी विचारलं, आत गेलं हे तुला कळतं कसं? म्हणाली, "आवाज बदलतो, हात हलका होतो. ते कळायलाच तेवढी वर्षं लागली." मग पात्याने भोकाला भोक जोडत गेली आणि बांगडीएवढी चकती उचलून माझ्या हातात ठेवली. मी चष्मा लावून उन्हात नेऊन बघितलं. सालीवर ओरखडा नाही. म्हटलं, आता परत बसव. तिने बसवली.

कौतुक केलं की पोरं बिघडतात. एक घावन मात्र जास्त वाढलं.

जाताना म्हणाली, "मावशी, दोन्ही हात पुढे धर. तळवे वर. आता डोळे मिट." मिटले. उघडले तर डावा हात खाली उतरलेला. मी म्हटलं, सकाळपासून काम करतेय, दमला असेल.

"उजवा नाय दमला?"

"तो पहिल्यापासूनच कष्टाळू आहे."

आमचे हे नारळ तसाच टाकून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज डावा पाय आपोआप नाचला.

विळीवर खोबरं खवत होते. आधी अंगठा हलला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. थांब म्हटलं, थांबेना. हाताने दाबला तरी थांबेना. मग मिनिटाभराने आपला आपण गप्प. मुंग्या आल्या असतील.

पण कनीजने दोन घरांमधल्या गडग्यावरून बघितलं आणि आग लागल्यासारखी ओरडत सुटली. अर्ध्या तासात झोया दारात. हॉस्पिटलचे हिरवे कपडे अंगावर, डोक्यावर टोपी तशीच. माझ्यासमोर बसून म्हणाली, "डायरी काढ. मोजून सांग."

मोजलं. पडलं-सांडलं एकोणीस वेळा. डोकं दुखलं अकरा दिवस, बहुतेक सकाळचं. चपलेचं मोजलं नव्हतं.

"आणि मांजर किती वेळा मध्ये आलं?"

"चौदा."

"मावशी, तुझं मांजर गणपतीत मेलं."

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचं तरी येत असेल. तिने डायरी मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि सोमवारी मशीनमध्ये घालते म्हणाली.

सोमवार, १० फेब्रुवारी

ते मशीन म्हणजे पिंप आहे. आत झोपवतात आणि बाहेरून कोणीतरी लोखंड बडवल्यासारखा आवाज. हलायचं नाही. आमचे हे म्हणाले, पोफळीची आठवण आली. त्यांना आत घालायला हवं होतं.

गाठ आहे. उजव्या बाजूला, कवटीच्या खाली, मेंदूच्या वर बसलीय. बसलीय उजवीकडे आणि ओढते डावा पाय. स्वभाव अगदी सासूबाईंचा.

झोयाने फोटो लावून दाखवलं. "कॅन्सरसारखी दिसत नाय. हळूहळू वाढणारी जात आहे, दहा वर्षं तरी असेल. पण आता मेंदूला दाबतेय. काढली नाय तर आधी पाय जाईल, मग हात. आणि पाय नाचला तशी सगळ्या अंगाची फिट येऊ शकते."

"केवढी आहे?"

"लिंबाएवढी."

"कागदी लिंबू की ईडलिंबू?"

"कागदी. पण चांगलं पोसलेलं."

परत येताना आमचे हे रिक्षात माझा डावा हात धरून बसले होते. मला ते उतरताना कळलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नको म्हणून सांगितलं. शिमगा आलाय, पालखी घरी येणार, नंतर बघू. झोया म्हणाली, "पालखी आली की उभं राहता यायला हवं ना?" फार तोंड सुटलंय तिचं.

डायरीत खरं लिहायचं तर मी घाबरले. मरायला नाही. मेलेल्या बाईला काय करावं लागतं, दुसरेच सगळं करतात. पण अर्धवट राहिले तर? ह्यांना साधी वेणी घालता येत नाही. मला खाटेवर बसवून आमटी भरवतील आणि ती आमटी त्यांनीच केलेली असेल. त्यापेक्षा फरपटत का होईना, माझ्या पायांनी चुलीपर्यंत जाते ते बरं.

आणि झोयाचं म्हणाल तर हात चांगला आहे. मी बघितलाय. पण ती माझ्या अंगणात वाढलेली. तिने माझं डोकं उघडलं आणि आत काही फारसं निघालं नाही, तर ती कनीजला सांगणार. मग मला या वाडीत राहता येणार नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

हे हट्टाला पेटले, म्हणाले, देवीला कौल लावू. आमच्यात मोठं काम कौलाशिवाय होत नाही. रावजी गुरव देवीच्या दोन्ही अंगांना फुलांचे कळे पाण्याने चिकटवतो नि गाऱ्हाणं घालतो. उजवा कळा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही.

मी काल बाजारातून येताना वाकडी वाट करून रावजीला भेटले होते. म्हटलं, रावजी, डावा कळा जरा कमी ओला कर. शिमग्याला गावठी कोंबडा पोचवते. रावजीने कोंबडा केवढा ते विचारलं.

आज आम्ही उभे. रावजीने गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकराच्या डोक्याला दुखणं लागलंय, त्यावर शेजारच्या डॉक्टरणीचा हात लावायचा की नाही, ते खरं काय ते दाखव." आम्ही "होय महाराजा" म्हटलं. कळे दोन्हीकडे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाऊण तास गेला. एकही कळा हलेना. माझा डावा पाय भरून आला, मी खांबाला टेकले.

शेवटी रावजी आमच्याकडे वळला. "मालनवहिनी, परवा हा तुमचा हरिश्चंद्र येऊन गेला, उजवा पाड म्हणून. काल दुपारी तुम्ही आलात, डावा पाड म्हणून. आणि काल संध्याकाळी कनीजभाभीने देवळाच्या पायरीशी उभी राहून निरोप दिला, डॉक्टर पोरगी माझी आहे, जरा बघून. मी पण माणूस आहे. दोन्ही चांगले घट्ट बसवले. देवी म्हणते, तुमचं आधी घरात ठरवा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते. रावजीला कोंबडा मिळणार नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज माझा अपमान झाला.

झोया आली ती खुर्चीत पाहुण्यासारखी बसली. मागून कनीज. हे आधीच तिथे. झोया म्हणाली, "मावशी, तू म्हणतेस तेच बरोबर. तुझं ऑपरेशन मी नाय करत. मुंबईला सरांकडे पाठवते."

"का?"

"आपल्या माणसावर हात टाकू नये म्हणतात."

आणि कनीज, दिवसातून तीनदा कन्सल्टंट कन्सल्टंट करणारी कनीज, म्हणाली, "होय मालन, मुंबईच बरी. रत्नागिरीत कोण करतं डोक्याचं?" आणि हे म्हणाले, "गाडी मी बघून ठेवतो." वर्षात चार वाक्यं बोलतात, त्यातलं एक यावर घालवलं.

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "सहा वर्षं माझे नारळ मारलेस. ते शिकण्यासाठीच मारलेस ना? आणि आता माझी पाळी आली तर हात आखडता घेतेस? बाजारातल्या माणसांना मी तुझ्याकडे पाठवते. तो दाढवाला उद्या विचारील, काकू, तुम्ही स्वतःचं कुठे करून घेतलंत? काय सांगू, मुंबईला? मग इथे तुझ्याकडे कुत्रं तरी फिरकेल काय?"

"पण मावशी, सर माझ्यापेक्षा..."

"सरांना घाल खड्ड्यात. तूच करायचं. आण कागद."

कागद तिच्या पर्समध्येच होता. माझं नावही छापून तयार. मोठ्या हॉस्पिटलांत आधीपासून छापून ठेवत असतील. तारीखसुद्धा नशिबाने लवकरची मिळाली, सत्तावीसची. कनीज तोंडाला ओढणी लावून बाहेर गेली आणि गडग्यामागे बराच वेळ खोकत होती. हवा बदललीय.

सहीच्या आधी झोयाने सगळं वाचून दाखवलं. रक्त जाऊ शकतं, लकवा होऊ शकतो, फिट येऊ शकते, बोलणं जाऊ शकतं, जीव जाऊ शकतो. एकेक थांबून, माझ्या तोंडाकडे बघून. मी म्हटलं, लग्नाच्या वेळी मला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सही केली. अक्षर चांगलं आलं.

ती निघाली, पायरीवर थांबली नि परत आली. कनीज अजून खोकतच होती. हळूच म्हणाली, "मावशी, मी खरंच घाबरलेय पण."

आता ही नवी भानगड. मी म्हटलं, "मग बरंय. नीट करशील."

बुधवार, २६ फेब्रुवारी

हॉस्पिटलात आहे. आज महाशिवरात्र. नर्सबाई म्हणाली, उद्या सकाळी काही खायचं नाही. म्हटलं, मी आजपासूनच खात नाही. ती धावत जाऊन झोयाला घेऊन आली. शेवटी साबुदाण्यावर मिटलं.

केस कापायचेत म्हणून मध्ये पट्टा आखून गेले. सगळं डोकं नाही, तेवढाच पट्टा. भांगाचा प्रश्न मिटला.

झोयाने दुपारी दोनदा येऊन तेच फोटो बघितले. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी म्हटलं, लिंबू तेच आहे गो, बदललेलं नाही. हसली नाही. जेवलीस का विचारलं, तर परत फोटोच बघायला लागली. तिच्या मागे कोणी नाही हे कनीज म्हणाली होती, ते मला आज कळलं. उद्या मी तर झोपलेली असेन. जागी तीच.

ह्यांना सांगून ठेवलंय, काही झालं तरी झोयाला बोलायचं नाही. कनीजलाही नाही. तिच्याशी भांडायचं माझं आहे, ते तसंच राहू दे.

डायरी ह्यांच्याकडे देते. वाचू नका सांगितलंय. वाचतील.

सोमवार, ३ मार्च

आहे.

आज नीट बसवलं म्हणून लिहिते. साडेसहा तास लागले. लिंबू सगळं निघालं. तपासायला पाठवलंय, पण झोया म्हणते, दिसायला साधंच होतं. आत आणखी काय निघालं ते मी विचारलं नाही.

आता शुक्रवारचं लिहायलाच हवं. सकाळी जाग आली तर डोक्याला फेटा बांधल्यासारखं बांधलेलं, नाकात नळी, आणि समोर झोया. मागे दोन नर्सा. झोयाचे डोळे सुजलेले. माझ्यावर वाकून म्हणाली, "मावशी, मी कोण?"

डोकं दुखत होतं, घसा सुकला होता, पण अशी संधी परत येत नाही. मी म्हटलं, "तुम्ही कोण बाई? मीटर बघायला आलात काय?"

मला वाटलं रागावेल, हसेल. तिच्या तोंडावरचा रंगच गेला. मग अगदी हळू आवाजात नर्सला म्हणाली, "सीटी. आत्ता." लगेच माझी खाट चालायला लागली.

"अगो, गंमत केली."

"सगळे असंच म्हणतात."

"तू झोया. कनीजची. कपाळावरची खूण आमच्या आंब्यावरून पडल्याची. आणि तू पडलीस ते कनीजला मी अजून सांगितलेलं नाय, दगड लागला सांगितलंय."

"चला पुढे, थांबू नका."

ती खाटेच्या कडेने चालत होती. पुढे बघत, दात आवळून. मी तिचा पांढरा कोट धरला आणि ओढला. ती थांबली, खाट थांबली.

"मावशी, सोड."

"नाय सोडणार. आधी बोल, विश्वास बसला."

ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. खाली कोटाकडे बघत होती. मग म्हणाली, "कुठल्या हाताने धरलंस, बघ."

बघितलं. डावा होता. बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली. मी सोडायला गेले आणि कोटाचं बटण तुटून माझ्या मुठीत आलं. झोया तिथेच खाटेच्या लोखंडावर डोकं टेकून उभी राहिली. नर्सा भिंतीकडे बघायला लागल्या.

सीटी तिने तरीही काढलाच. म्हणाली, तुझ्या बोलण्यावर मी आयुष्यात परत विश्वास ठेवणार नाय. फोटो चांगला आला.

बटण माझ्याकडेच आहे. आज राउंडला आली तेव्हा कोटावर बटणाच्या जागी नुसता दोरा लोंबत होता. हात पुढे करून म्हणाली, "दे."

मी म्हटलं, तुम्ही कोण बाई?